रुग्ण सापडत नाहीत, कारण तपासतंच कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली 'जिल्ह्यातून कुष्ठरोग हद्दपार' ही बातमी वाचून फार संताप आला. नवीन रुग्ण कमी नोंदले गेले, एवढ्यावर तुमच्या वार्ताहराने रोगच संपवून टाकला. तपासलं किती लोकांना, हे विचारायला नको होतं का? २००५ च्या डिसेंबरात देशात निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, त्याचा अर्थ दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण इतकाच होता. आजही जगातले निम्म्याहून जास्त नवीन रुग्ण भारतातच सापडतात.

माझ्या मोठ्या भावाच्या पाठीवर फिकट चट्टा होता, खाज नाही दुखणं नाही, म्हणून डॉक्टरांनी मलम दिलं. पुढे करंगळीला मुंग्या यायला लागल्या तर दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढून पट्टा लावायला सांगितला. पाठीवरचा चट्टा आणि हाताच्या मुंग्या यांचा काही संबंध असेल असं एकालाही वाटलं नाही, शर्टसुद्धा कोणी काढायला लावला नाही. शेवटी ओळखीतल्या एका रिटायर्ड कुष्ठरोग तंत्रज्ञांनी कोपरामागची नस (मज्जातंतू) चाचपली, ती जाड लागली, चट्ट्यावर कापूस फिरवला तर दादाला काहीच कळेना. तोवर दोन बोटं वाकली होती. वर्षभर एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्रित औषधांच्या, गोळ्या फुकट मिळाल्या, आजार बरा झाला, बोटं मात्र तशीच आहेत. हेच वेळेत कळलं असतं तर स्टिरॉइड देऊन नस वाचवता आली असती हो!

रुग्ण कमी झाले की नवीन डॉक्टरांना हा आजार बघायलाच मिळत नाही, मग तो त्यांच्या डोक्यातही येत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं, कधीकधी वीसही लागतात, तेव्हा एका वर्षाच्या आकड्यावर हद्दपार म्हणणं धोक्याचं आहे. नवीन रुग्णांत लहान मुलं किती, विकृती येऊन मग सापडलेले किती, घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली का आणि त्यांना लागण टाळायला रिफाम्पिसिन या औषधाचा डोस मिळाला का, हे छापा ना.

आणि तो फोटो! झडलेली बोटं, चिंध्या गुंडाळलेले पाय. साधा फिकट, बधिर चट्टा दाखवला असता तर एखाद्याने स्वतःची पाठ आरशात बघितली असती. तुमचा फोटो बघून ज्याला चट्टा आहे तो तर लपवूनच ठेवेल. कृपया पुढच्या अंकात चट्ट्याचा फोटो छापा आणि सरकारी दवाखान्यात तपासणी, औषध दोन्ही मोफत आहे हे मोठ्या अक्षरात लिहा.

आपली,
एक नियमित वाचक