आरे-वारेच्या चढावर भेटलेल्या मेस्त्रींना

मेस्त्री काका,
सा. न.

हरतालिकेची संध्याकाळ होती. रत्नागिरीहून गणपती घेऊन आम्ही मालगुंडला निघालो होतो. आईच्या मांडीवर पाट, पाटावर मूर्ती, बाहेर पाऊस, आणि आरे-वारेच्या चढावर अप्पांची फियाट बंद पडली. तुमच्या स्कूटरला तेरडा आणि कवंडळांची पिशवी लटकत होती, म्हणजे तुमच्याही घरी वाट बघत असणार. तरी तुम्ही थांबलात.

मी म्हणालो, वीस मिनिटांत गार झाली की सुरू होते. त्यावर तुम्ही म्हणालात, "गार झाली तर रोग लपेल. गरम आहे तोवरच बघूया." वर्षभर ती अशीच बंद पडत होती, पण हे कुणीच म्हटलं नव्हतं. दोन ठिकाणी कार्बोरेटर साफ झाला, प्लग बदलले, पेट्रोल पंपसुद्धा बदलला. सकाळी दाखवायला न्यावी तर गाडी ठणठणीत!

तुम्ही आधी एक प्लग काढून दाखवलात. पेट्रोलने ओला होता. पेट्रोल पोचत होतं, पेटत नव्हतं. तो परत बसवून कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून उपसलीत, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाजवळ धरलीत आणि मला स्टार्टर मारायला लावलंत. ठिणगी आली ती पिवळट, मरगळलेली. म्हणजे दोष प्लगांना वीज वाटणाऱ्या कॅप-रोटरच्या अलीकडेच, कॉइलच्या बाजूला. मग कॅप काढून पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, उघडझाप करून दाखवलात. अंधारून आलं होतं म्हणून स्पष्ट दिसलं: प्लगवर हवी ती निळी ठिणगी पॉइंटवरच उडत होती.

अप्पांनी छत्री धरली होती. त्यांना तुम्ही कंडेन्सरचं काम किती सोपं करून सांगितलंत! पॉइंट उघडला की कॉइलमधला प्रवाह झटकन तुटला पाहिजे, तरच १२ व्होल्टवर चालणारी कॉइल प्लगसाठी हजारो व्होल्ट उभे करते. त्या क्षणीचा धक्का कंडेन्सर पोटात घेतो. तो गरम होऊन निकामी झाला की प्रवाह पॉइंटवर ठिणगी होऊन रेंगाळतो, आणि प्लगपर्यंत जोर उरत नाही.

जुन्या कंडेन्सरची वायर सोडवलीत, तुमच्या पिशवीतला एक बाहेरूनच तात्पुरता जोडलात. बाकी कशालाही हात लावला नाहीत. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, तीही गरमच असताना. मला ती गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण त्यामुळे दोष नेमका कुठे होता याबद्दल शंकाच उरली नाही.

सातच्या आत गणपती घरी आले. आईने दारात मूर्तीवरून भाकरतुकडा ओवाळला तेव्हा तिचे हात थरथरत होते, पण चेहरा शांत होता.

नवीन कंडेन्सर आणि पॉइंट बसवलेत. कॅपमधला खाऱ्या हवेचा हिरवा गंजही साफ केला. पॉइंट उघडल्यावरचा गॅप ०.४० मिमी ठेवला आहे. पॉइंटची टाच झिजली की तो कमी होतो, असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून तो मोजायला फीलर गेज विकत घेतलं आहे. दिवाळीआधी अप्पांना घेऊन येतो, तुमचा कंडेन्सर परत द्यायचा आहे.

तुमचा,
फियाटवाला