वकील नाही, आबा

ती. आई-आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आबांनी फोनवर दोनदा विचारलं, "म्हंजे वकील झालीस न्हवं?" आणि रेंज गेली. म्हणून लिहिते. नाही झाले. त्याला सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना लागतो. मी वकिलांच्या हाताखाली कागद तयार करायला शिकतेय. कोर्टात उभं राहायचं नाही, वकीलपत्रावर आपली सही नाही, पक्षकाराला परस्पर सल्ला तर नाहीच.

पण कागद म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायचं? बांधाच्या अपिलासाठी तुम्ही रात्रीच्या महालक्ष्मीनं मुंबईला जायचात, तारीख घेऊन तसेच परत. आईनं बांधून दिलेल्या भाकरी कधी कधी तशाच माघारी यायच्या. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, भाऊसिंगजी रोडला चालतं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गाचे लोकही इकडंच येतात. आमच्या ऑफिसात काम वाढलं ते त्यानंच.

हायकोर्टाचं काम इंग्रजीत, खालच्या कोर्टातल्या जबान्या आणि दस्त मराठीत. ते भाषांतर सध्या माझ्याकडं आहे, आणि तिथंच माझं घोडं अडतं. परवा 'पाणंद' म्हणजे नुसता रस्ता असं लिहिलं, तर मॅडमनी लाल पेनानं खोडलं. म्हणाल्या, शब्द तसाच ठेव आणि पुढं समजावून लिही; दोन्ही बाजूंचं भांडणच त्या शब्दावर आहे. बाकी नकलेचे अर्ज, पानांवर नंबर टाकणं, कोर्ट फी स्टॅम्प, हे हात बसला की होतं. पगार बेताचाच आहे, पण खोलीचं भाडं निघतं.

आई, शेजारच्या काकींना सांग, पोटगीसाठी वकिलाच्या फीला भिऊन गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला, तिचं उत्पन्न न बघता, फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा. नाहीतर १५१०० ला फोन लावायचा. त्या बिचकतील, तू सोबत जा.

आबा, कपाटातली ती कागदांची पिशवी पुढच्या खेपेला काढून ठेवा. तुमची जबानी इंग्रजीत कशी गेली होती, ते बघायचंय. आणि एक विचारायचं राहिलं: 'बांध' आणि 'ताल' यात नेमका फरक काय? रविवारी फोन करते, सावकाश सांगा. मी लिहून घेईन.

तुमची,
ताई