क्यूआरएसची रुंदी रुग्णाला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला पेसमेकर सुचवला की ठोके मंद झाले असावेत, असे घरच्यांना वाटते. काहींचा विकार मात्र निराळा असतो. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉकमुळे, म्हणजे डाव्या बाजूला विद्युत संदेश नेणाऱ्या वाटेतील अडथळ्यामुळे, हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची बाहेरची भिंत मधल्या पडद्यापेक्षा उशिरा आकुंचन पावते आणि आधीच थकलेल्या हृदयाची ताकद वाया जाते. अशा वेळी कोरोनरी सायनस या शिरेतून आणखी एक तार नेऊन खालच्या दोन्ही कप्प्यांचा मेळ घालणारी सीआरटी (कार्डियाक रिसिंक्रोनायझेशन थेरपी), म्हणजे खास पेसमेकरची उपचारपद्धती, उपयोगी पडते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ८१३ रुग्णांच्या ‘केअर-एचएफ’ चाचणीत औषधांना या यंत्राची जोड मिळालेल्यांचा मृत्यूचा धोका केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी आढळला.

हे यंत्र सरसकट सर्वांसाठी नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. पुरेशी औषधे देऊनही इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातील रक्तापैकी बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ३५ टक्क्यांच्या वर जात नसेल, असा ब्लॉक असेल आणि ईसीजीवर क्यूआरएसची रुंदी (खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश पसरायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंद किंवा अधिक असेल, तर लाभाची शक्यता सर्वाधिक असते. उलट, अरुंद क्यूआरएस असलेल्यांवरील ‘इको-सीआरटी’ चाचणी लाभ दिसेना म्हणून २०१३ मध्ये थांबवावी लागली आणि यंत्र चालू ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक आढळले.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, रुग्णालयांनी डिस्चार्ज कार्डावर इजेक्शन फ्रॅक्शनबरोबर क्यूआरएसची रुंदीही ठळक लिहावी, म्हणजे लाखोंचा खर्च करण्यापूर्वी, किंवा तो विनाकारण टाळण्यापूर्वी, कुटुंबाला नेमका प्रश्न विचारता येईल.

– एक वाचक, पुणे