आयब्रो पेन्सिलची मिशी: क्रीडामंत्र्यांना एक खुले पत्र

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: नृत्यस्पर्धेत ‘जोडी’ म्हणजे कोण, आणि दहा वर्षांच्या मुलीनं किती नटायचं, याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी वसईत राहते आणि गेली एकोणीस वर्षं मुलांना बॉलरूम नृत्य, म्हणजे जोडीनं नाचायचे पाश्चात्य नाच शिकवते. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, चा-चा, जाइव्ह. आमच्या भागात लग्नाच्या बँडवर जोडीनं नाचणं पिढ्यांपासून आहे, त्यामुळे हे आपलं नव्हेच असं कुणी ऐकवलं की मी वाद घालत नाही, त्यांना पुढच्या लग्नाचं आमंत्रण देते.

मागच्या डिसेंबरात माझ्या दोन विद्यार्थिनी एका आंतरशालेय स्पर्धेत उतरल्या. एक अकरा वर्षांची, दुसरी दहाची. चार वर्षं त्या एकमेकींबरोबरच नाचतात, कारण माझ्या वर्गात सतरा मुली आणि तीन मुलगे आहेत, आणि त्या तिघांतला एक बहिणीला सोबत म्हणून येतो. नावनोंदणीच्या टेबलावर सांगण्यात आलं, जोडी म्हणजे मुलगा आणि मुलगी. कुठं लिहिलंय, विचारलं, तर नियमांचा कागद कुणाकडेच नव्हता. शेवटी एका भल्या गृहस्थांनी तोडगा काढला: “मॅडम, मोठीला पँट घाला आणि आयब्रो पेन्सिलनं मिशी काढा. मग कुणी काही बोलणार नाही.”

मिशी काढली. मीच काढली, हेही सांगायला हवं. मुली रडवेल्या झाल्या होत्या आणि त्यांचा नंबर पुकारला जात होता. जाइव्ह दीड मिनिटाचा. मिनिटभरात मिशी घामानं ओघळून हनुवटीपर्यंत आली. धाकटीला हसू आवरेना आणि तिचा ठेका चुकला. गुणपत्रिकेवर शेरा आला तो ठेक्याबद्दल नव्हता. “मुलगी गोड दिसते. मुलात मर्दानीपणा कमी.”

ही गंमत म्हणून मी वर्षभर सांगत फिरले असते. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली आणि ती काही गंमत नव्हती. धाकटीच्या आईनं हौसेनं मेकअपवाली बोलावली होती. तिनं पोरीच्या चेहऱ्यावर दोन-तीन छटा उजळ फाउंडेशन थापलं. गळ्याखाली मुलगी तिच्या आईसारखी सावळी, वर भलतीच कुणीतरी. वर खोट्या पापण्या. आरशात बघून तिनं मला विचारलं, “टीचर, आता मी नाचायच्या रंगाची झाले ना?”

साहेब, या नाचाचा सगळ्यात मोठा उत्सव इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला भरतो, १९२० पासून, विंटर गार्डन्समधल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये. मी तिथं गेलेले नाही. फोनवर मात्र रात्र रात्र जागून बघितलंय. तिथल्या गोऱ्या पोरी स्पर्धेच्या आदल्या रात्री अंगभर तपकिरी रंग चोपडतात. कारण विचाराल तर दिव्यांच्या झोतात पांढरी कातडी फिकी पडते आणि स्नायू दिसत नाहीत. ते खरंही आहे. पण चा-चा क्युबातला, साम्बा ब्राझीलचा. तिथल्या सावळ्या-काळ्या माणसांचं नाचणं इंग्रजांनी मोजूनमापून पुस्तकात बसवलं, आणि आता त्यात ‘शोभायला’ म्हणून रंग डब्यातून आणावा लागतो. म्हणजे गोरी तिथं सावळी होते, सावळी इथं गोरी होते, आणि आपल्या कातडीत उभं राहून नाचायला दोघींनाही परवानगी नाही.

माझा झगमगाटाला विरोध आहे असा अर्थ कृपा करून काढू नका. मी स्वतः रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून झग्यांना खडे चिकटवलेत. गिरकी घेताना घेर उघडतो, मनगटाला बांधलेला शिफॉनचा पट्टा हवेत मागं राहतो आणि मग सावकाश येऊन मिळतो, तेव्हा अंगावर काटा येतो. ते सौंदर्य खोटं नाही. ते कसब आहे. बघणाऱ्याला नजाकत दिसते. मला दिसतं की तिनं वजन कुठल्या पायावर ठेवलंय, मान डावीकडे किती लांब ताणलीय, बरगड्या किती उचलल्यात. ज्याला लोक ‘बायकी लचक’ म्हणतात ते निम्मं घोट्यांचं आणि पाठीचं काम आहे. माझे तिन्ही मुलगे पहिले सहा महिने मुलीच्या बाजूच्या पायऱ्या शिकतात. त्यातला एक आता ती बाजू माझ्यापेक्षा चांगली नाचतो. (वडिलांना सांगू नका म्हणतो, म्हणून कोण ते सांगत नाही.)

हे महाराष्ट्रात समजावून सांगावं लागतं याचंच नवल वाटतं. नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या पुरुषाला आपण बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतलं. त्यांनी नेसलेली साडी, त्यांचा अंबाडा, त्यांचे दागिने बघून घरंदाज बायका आपलं नेसणं बदलत होत्या. स्त्रीनं कसं दिसावं हे पुण्या-मुंबईच्या स्त्रिया एका पुरुषाकडून शिकत होत्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. १९६४ मध्ये सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला मात्र टाळ्या आल्या, मान आला नाही. गणपत पाटलांना पडद्यावरची ती भूमिका आयुष्यभर चिकटली. कसब तेच, एकाला शालू आणि एकाला टिंगल. माझ्या पोरीची मिशी ओघळली तेव्हा हॉलमध्ये जो हशा पिकला, तो मला त्या दुसऱ्या जातीचा वाटला.

आणि दोन बायकांनी हात धरून नाचण्याचं म्हणाल, तर मंगळागौरीला काय होतं? फुगडी. हाताची कैची, पावलाला पाऊल, अंग मागं टाकायचं आणि एकमेकींच्या भारावर गरगर फिरायचं. मी वॉल्ट्झची पकड शिकवते ती फुगडीपासूनच. समोरची सुटली तर मी पडेन, हा भरवसा अंगात मुरला की बाकीचं येतं. फुगडीत नवरा कोण आणि बायको कोण, हे आजवर कुठल्या आजीनं विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बाहेरच्या जगात हा वाद होऊन गेलाय. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या नृत्यस्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटिश डान्स कौन्सिलपुढे प्रस्ताव आला होता की जोडी म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, असंच लिहून टाका. त्यावर मोठा गदारोळ झाला. अमेरिकेत २०१९ मध्ये व्याख्या बदलली, कुणीही कुणाबरोबर नाचावं असं ठरलं. बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या नृत्यस्पर्धेच्या कार्यक्रमात २०२० साली ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकलेली बॉक्सर निकोला ॲडम्स केट्या जोन्स या नर्तकीबरोबर उतरली, कोविडमुळे त्यांना मध्येच बाहेर पडावं लागलं. पुढच्याच वर्षी जॉन व्हेट आणि जोहानस रॅडेबी हे दोघे पुरुष अंतिम फेरीत पोचले. याच कार्यक्रमाच्या धर्तीवर आपल्याकडे २००६ मध्ये ‘झलक दिखला जा’ सुरू झाला. तेव्हापासून माझ्याकडे आया येतात त्या फोनमधला फोटो दाखवत: “असं दिसायला किती महिने लागतील?” दिसायला. नाचायला किती, हा प्रश्न फार थोड्या विचारतात.

मुलांच्या बाबतीत तर स्पर्धेतल्या नृत्याला खेळ मानणाऱ्या जागतिक डान्ससपोर्ट महासंघाचे नियम आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहेत. सगळ्यात लहान गटात, म्हणजे साधारण अकरा वर्षांपर्यंत, मेकअप नाही, खोट्या पापण्या नाहीत, कपड्यावर खडे नाहीत, उंच टाचा नाहीत. साधा फ्रॉक किंवा स्कर्ट. परीक्षकानं पाय बघावेत, पापण्या नाही. ज्या खेळाला लोक नखरेल म्हणून नाकं मुरडतात, त्यानं आपल्या लेकरांना नखऱ्यापासून लांब ठेवलंय. आणि आमच्या तालुक्याच्या हॉलमध्ये गुणपत्रिकेवर ‘सादरीकरण व दिसणे’ असा वीस गुणांचा रकाना!

बॉलरूममध्ये स्पर्धकाचा नंबर पुरुषाच्या पाठीवर लावतात. बाईला नंबर नसतो. पंचवीस वर्षांची असताना मी ते कधी मनावर घेतलं नाही. आता घेते. मोठीच्या पाठीवर नंबर लावताना धाकटीनं विचारलं, “मग माझा कुठंय?” मी म्हटलं, एकच असतो गं, जो पुढं नेतो त्याच्या पाठीवर. ती म्हणाली, “पण जाइव्हमध्ये तर आम्ही अदलाबदल करतो.” खरंच करतात. अर्धा नाच एक नेते, अर्धा दुसरी. मला तिला उत्तर देता आलं नाही.

तर मागणं हे आहे. आपल्या खात्याच्या मदतीनं किंवा परवानगीनं होणाऱ्या शालेय नृत्यस्पर्धांसाठी एक परिपत्रक काढा. त्यात जोडी म्हणजे दोन स्पर्धक एवढंच लिहा, पुढं काही नको. बारा वर्षांखालच्यांना मेकअप आणि टाचा बंद करा. यानं आयांचे पैसेही वाचतील. ‘दिसणे’ या रकान्याला कात्री लावा. आणि नियम छापून टेबलावर ठेवणं आयोजकांवर बंधनकारक करा, म्हणजे भल्या गृहस्थांना तोडगे काढावे लागणार नाहीत.

मला ठाऊक आहे, नृत्य हे क्रीडा की सांस्कृतिक कार्य, या प्रश्नावर ही फाईल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वॉल्ट्झ करत राहील. आपल्या सचिवांनी तसा शेरा मारला तर त्यांना एवढंच सांगा की ऑलिम्पिक समितीनं डान्ससपोर्टच्या महासंघाला १९९७ मध्येच मान्यता दिली आहे, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्रेकिंग हा नाच ऑलिम्पिकमध्ये खेळला गेला. बॉलरूम अजून तिथं पोचलेलं नाही. माझ्या पोरींनाही घाई नाही, त्यांना आधी जिल्ह्याची फेरी गाठायची आहे.

यंदाच्या स्पर्धेच्या तारखा लवकरच लागतील. मोठीनं बजावून ठेवलंय की ती पँट आनंदानं घालेल, कारण तीत पाय मोकळा उचलता येतो. मिशी काढणार नाही. धाकटी चेहऱ्याला काहीही लावणार नाही म्हणते, फक्त केसांत अबोलीचा गजरा माळू द्या. गजऱ्याला मी हो म्हटलंय.

आपली,
वसईतील एक नृत्यशिक्षिका