गाठ तशीच होती

वसई, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

तुझा निरोप मिळाला. नाताळला यायला जमत नाही, पैसे पाठवतोस, गरजूंना मीच वाटून टाकायचे. पाठव, नको कशाला म्हणू? पण 'वाटून टाक' वाचलं आणि गेल्या वर्षीचा माझा पराक्रम आठवला.

बाबा गेल्यापासून मी आपल्या चर्चच्या धर्मग्रामातल्या, गरजूंना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट द पॉल सोसायटीत जातो. मीटिंगमध्ये प्रार्थना झाली की एक थैली फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची. कोणी पाचशे टाकले, कोणाची मूठ रिकामीच होती, हे कोणालाच कळत नाही. मला ती थैली फार आवडते. पण खरं काम घरभेटीचं, आणि तेही जोडीने जायचं.

माझ्या जोडीला सत्तरीचे एक काका आहेत. त्या दिवशी त्यांचा गुडघा धरला होता. म्हटलं, मी एकटाच उरकतो. चाळीतल्या एका आजींच्या दारात तांदूळ, डाळ, तेलाची पिशवी ठेवली. बाइक बंदही केली नव्हती. आजी म्हणाल्या, "जरा टेक ना रे बाबा." मी म्हटलं, "पुढच्या खेपेला." बायबलमधल्या चांगल्या शोमरोनीच्या गोष्टीतले याजक आणि लेवी जखमी माणसाला बघून निदान रस्त्यावरूनच बाजूने गेले, मी तर दारापर्यंत जाऊन परत फिरलो.

पुढच्या आठवड्यात काका आले आणि सरळ पत्र्याच्या डब्यावर बसले. पाणी कधी येतं, कंबर कशी आहे, शेजारणीची पोरगी कितवीला... मी आपला घड्याळाकडे बघतोय. अर्ध्या तासाने त्यांनी सहज विचारलं, "आजी, चहाचं भांडं पालथंच दिसतंय?"

पिशवी कोपऱ्यात होती. गाठसुद्धा मीच मारलेली. सिलिंडर संपून दहा दिवस झाले होते, शेजारीण एका वेळची भाकरी द्यायची. आजी मला बसवत होत्या त्या हेच सांगायला.

बरं, पैसे भरून सुटेल असंही ते नव्हतं. कनेक्शन वारलेल्या नवऱ्याच्या नावावर आणि ओटीपी जायचा घर सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर. मृत्यूचा दाखला, आधार, अर्ज. एजन्सीत तीन खेपा झाल्या. तोवर काकांनी घरचा जुना स्टोव्ह आणून दिला.

गंमत बघ. ही सोसायटी 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झाली. ती सुरू करणाऱ्यांतला फ्रेडरिक ओझानाम तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा विद्यार्थी. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्याने हाहाकार उडवला होता. 'तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो?' असं कोणीतरी तोंडावर विचारलं, ते त्याला लागलं. सांगतात, तो आणि त्याचा मित्र पहिल्यांदा घेऊन गेले ती स्वतःकडे उरलेली जळाऊ लाकडं. म्हणजे सरपणच! त्यांना पहिल्याच फेरीत कळलं, मला मात्र कोणीतरी बसवावं लागलं.

सिलिंडर आला त्या दिवशी आजींनी चहा केला. बिनदुधाचा, आलं जरा जास्तच. दोन कप घेतले.

तर पैसे पाठव, थैलीत टाकतो. कोणी टाकले ते सांगणार नाही. मे महिन्यात आलास की काकांच्या गुडघ्याला सुट्टी देऊ, तू चल माझ्याबरोबर. बाइकची किल्ली तुझ्या खिशात ठेव, माझा अजून भरवसा नाही.

तुझाच,
वाडीवाला