घानातील ताटातूट वर्णामुळे नव्हे, कायद्यामुळे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नवस्वतंत्र आफ्रिकी देशांतील आंतरवंशीय विवाहांवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. राजकीय उलथापालथ सुरू झाली की असे संसार वर्णभेदामुळेच मोडतात, हा त्यातील निष्कर्ष घानाच्या बाबतीत तरी मान्य करता येत नाही.

१९४२ च्या शिष्टाईमुळे आपल्याला परिचित असलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स यांची कन्या पेगी यांनी जुलै १९५३ मध्ये लंडनमध्ये घानातील कुमासी शहराच्या जो अपिया यांच्याशी विवाह केला. जो कायद्याचे शिक्षण घेत होते आणि पुढे स्वतंत्र घानाचे पहिले पंतप्रधान झालेले क्वामे एन्क्रुमा यांचे तेथील प्रतिनिधी होते. मिश्र विवाहांवर १९४९ मध्येच बंदी घालणाऱ्या दक्षिण आफ्रिकेत या लग्नावर जाहीर आगपाखड झाली. ही गोरी मुलगी तिकडे टिकेल का, याची चिंता लंडनमधल्या अनेकांना होती. प्रत्यक्षात तुटली ती दोन घानावासी मित्रांची मैत्री. जो यांनी १९५५ मध्ये एन्क्रुमा यांची साथ सोडली आणि ते अशांटी प्रदेशातील विरोधी चळवळीत गेले.

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला, ज्यान्वये कोणालाही खटल्याविना पाच वर्षांपर्यंत डांबून ठेवता येत असे. (वसाहतकाळात स्वतः तुरुंगवास भोगलेल्या एन्क्रुमांनी हे करावे, याचे नवल आजही ओसरत नाही.) १९६१ च्या अंदाजपत्रकातील सक्तीच्या बचतीविरुद्ध सेकोंडी-ताकोराडीच्या रेल्वे व बंदर कामगारांनी संप पुकारला, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये ज्या विरोधकांची धरपकड झाली, त्यांत ज्येष्ठ विरोधी नेते जे. बी. डांक्वा यांच्यासह जो अपियाही होते. पती गजाआड आणि मुले लहान असतानाही पेगी यांनी देश सोडला नाही. जो १९६२ च्या अखेरीस सुटले. १९९० मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही पेगी कुमासीतच राहिल्या, तेथील अकान भाषेतील हजारो म्हणी गोळा करण्याच्या कामात त्यांनी कित्येक वर्षे घातली आणि २००६ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. लेखात या दांपत्याचा साधा उल्लेखही नसावा, हे खटकते.

एन्क्रुमा यांचा विवाह मात्र लेखकाने 'सीमा ओलांडणारे प्रेम' म्हणून रंगवला आहे. इजिप्तच्या फातिया रिझ्क आणि त्यांची पहिली भेटच १९५७ च्या अखेरीस, लग्नाच्या दिवशी झाली होती. त्या संबंधाचा आरंभ प्रेमापेक्षा अक्रा-कैरो राजकारणात अधिक शोधावा लागेल. पुढे तो संसार विस्कटला तोही वर्णामुळे नव्हे. फेब्रुवारी १९६६ मध्ये एन्क्रुमा परदेशात असताना लष्कराने सत्ता घेतली, फातिया मुलांसह कैरोला गेल्या आणि त्यांचे पती गिनीच्या आश्रयाला.

लेखमालेचा पुढील भाग टांझानियावर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्या देशाचाच भाग असलेल्या झांजिबार बेटांवर १९७० साली क्रांती मंडळातील सत्ताधाऱ्यांनी इराणी वंशाच्या मुलींशी बळजबरीने विवाह लावून घेतले आणि त्यास वांशिक एकोप्याचे नाव दिले. तो प्रकार निदान आंतरवंशीय प्रेमाच्या सदरात घातला जाऊ नये, एवढी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक