पाव इंचाचा हिशोब

लिंकन, नेब्रास्का

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. माझ्या वाकळीला प्रदर्शनात फीत मिळाली, तर ती विकून चार पैसे का करत नाहीस, असे बाबांनी विचारले होते. त्याचे उत्तर फोनवर नीट देता आले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे. वहिनीच्या स्त्रीशक्ती गटातल्या बायका खानापुरात वाकळा शिवून विकायच्या विचारात आहेत असे कळले. तिलाही हे पत्र दे, आणि वाचून झाले की गडहिंग्लजच्या मावशीकडे पाठव, कारण मी इथे नेमके काय करते हे तिने आजवर तीनदा तरी विचारले असेल.

बाबांचा प्रश्न रास्त आहे, पण हिशोब जुळत नाही. इथली वाकळ तीन थरांची असते. वर तुकडे जोडून केलेली नक्षी, मध्ये कापसाचा पातळ थर आणि खाली अस्तर. मोठ्या पलंगाच्या मापाची अशी वाकळ हाताने टाके घालून पुरी करायची, तर तिच्यात कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी जातात. त्या तासांना इथल्या वाणसामानाच्या दुकानात मिळते तेवढी मजुरी लावली, तरी जी किंमत निघते ती ऐकून गिऱ्हाईक हसून पुढे जाते, कारण कारखान्यात शिवलेली पांघरुणे दुकानांतून तिच्या कितीतरी कमी दामात मिळतात. म्हणून माझ्यासारख्या बायका वाकळ विकत नाहीत, तिचा आराखडा विकतात. कापडाची मापे, कापण्याचा क्रम आणि जोडणीच्या आकृत्या असलेली छोटी पुस्तिका विकत घेऊन बाकीचे शिवणकाम लोक हौसेने आपल्या घरी करतात. त्याशिवाय शिकवण्या असतात, आणि एखाद्या कापड कंपनीने छापासाठी नक्षी घेतली तर थोडी टक्केवारी मिळते.

आता तू म्हणशील, वाकळीला आराखडा कशाला हवा? तू तर जमिनीवर जुने लुगडे अंथरायचीस, त्यावर शिंप्याकडची कात्रणे मांडायचीस, आणि दुहेरी दोरा ओवून कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकायचीस. वाटेत एखादे ठिगळ आखूड पडले, तर तिथे इरकलीच्या काठाची पट्टी यायची, आणि पुढे तीच पट्टी सगळ्या वाकळीत उठून दिसायची. आपल्या शेजारच्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकाही कडेकडून मध्याकडेच जातात, आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुला’ लावल्याशिवाय वाकळ पुरी झाली असे मानत नाहीत. त्यांची ही ‘कवंदी’ इकडे आता लोक पैसे भरून शिकतात.

माझे काम मात्र नेमके उलटे आहे. ओहायोतल्या कोणा अनोळखी बाईने माझी पुस्तिका समोर ठेवून शिवले, तरी तिची वाकळ माझ्या वाकळीच्याच मापाची व्हायला हवी. सगळे शास्त्र शिलाईसाठी सोडायच्या पाव इंचावर उभे आहे. तो पाव इंच एक सोळांश इंचाने जरी जास्त घेतला, तरी प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजू मिळून एक अष्टमांश इंच कापड जाते, आणि एका ओळीत सोळा तुकडे असतील तर पंधरा शिवणींत ओळ जवळजवळ दोन इंच आखूड होते. तिरक्या कापाचे त्रिकोण असतील तर कापड ताणते, ते वेगळेच. म्हणून पुस्तिका छापण्याआधी ती इतर बायकांकडून शिवून घ्यावी लागते, आणि त्यांच्या शंका आल्या की जे वाक्य आपल्याला आरशासारखे स्वच्छ वाटत होते ते पुन्हा लिहावे लागते. नक्षी सुचायला एखादी दुपार पुरते. ती दुसऱ्याला सांगायला ऋतू सरतो.

तरीही या कामात जो आनंद आहे तो दुसरीकडे मला मिळाला नसता. ‘लॉग केबिन’ नावाचा जुना चौकोन घे. मध्ये एक छोटा चौकोन आणि त्याच्याभोवती एकेक पट्टी, अर्ध्या बाजूला फिकट रंगाची, अर्ध्या बाजूला गडद. तेच चौकोन एका तऱ्हेने मांडले की नांगराच्या तासांसारख्या तिरक्या रेघा दिसतात, आणि काही चौकोन फिरवले की त्यांतूनच एकात एक बसलेले शंकरपाळे उमटतात. मी भिंतीवर चौकोन टाचून ते फिरवत बसते तेव्हा जेवणाची आठवण राहत नाही. या जुन्या चौकोनांवर कोणाचाही हक्क नाही, ते सर्वांचे आहेत, आणि हे मला मनापासून आवडते. त्याची दुसरी बाजू अशी, की हक्क राहतो तो आपण लिहिलेल्या शब्दांवर आणि काढलेल्या आकृत्यांवर. त्यामुळे चालणाऱ्या पुस्तिकेसारखीच दुसरी एखादी थोड्याच दिवसांत कोणीतरी फुकट वाटू लागते. छापील कापडेही हंगामापुरतीच असतात. पुस्तिका बाहेर येईपर्यंत नमुन्यात वापरलेले कापड दुकानांतून संपलेले असते, आणि ‘अगदी असेच हवे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची समजूत काढत बसावे लागते.

मागे गुळेदगुड्डच्या खणांवरून मी एका कंपनीला नक्षीचा एक संच पाठवला होता. त्यांनी तो परत करून हत्ती, मोर आणि कोयऱ्या मागितल्या, कारण खणाची बारीक बुट्टी त्यांना पुरेशी भारतीय वाटली नाही. दुकानदाराला आपल्या फळीवर काय खपते ते कळते, तेव्हा राग धरण्यात अर्थ नव्हता. कोयऱ्या दिल्या, हत्ती दिले नाहीत. खणांचा संच माझ्याकडेच आहे.

असे काही झाले की मी इथल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात जाते. ते १९९७ पासूनचे आहे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये वाकळा भिंतीवर चित्रांसारख्या टांगल्या, तेव्हापासून इकडे त्यांच्याकडे कला म्हणून पाहण्याला जोर आला. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी तर कामाच्या जुन्या कपड्यांतून वाकळा केल्या. त्यांचे मोठे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनला भरले, आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. त्यांच्या सरळ नसलेल्या रेघा पाहिल्या की तुझी आठवण होते, आणि थोडी चीडही येते, कारण भिंत मिळेपर्यंत त्यांतल्या कितीतरी जणींचे वय होऊन गेले होते.

वहिनीला सांग, गटाने पहिल्याच वर्षी एकसारख्या वाकळांची मोठी मागणी अंगावर घेऊ नये. कात्रणे फुकट मिळतात म्हणून टेरिकॉट आणि सुती एकत्र जोडू नये. धुतल्यावर सुती आटते, टेरिकॉट आटत नाही, आणि वाकळ चुरगळते. इरकलीचा तांबडा रंग आधी वेगळा धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत काढावा. तयार कापडात मीठ घालून रंग पक्का होत नाही, कोणी काहीही म्हणो. आणि किंमत ठरवताना हाताचे तास धरावेत, नुसता दोऱ्याचा खर्च नव्हे.

सध्या मी जी पुस्तिका लिहिते आहे तिच्यात मापे जवळजवळ नाहीत. कडेपासून आत जाणारी, तुझ्या पद्धतीची वाकळ कशी घालावी, एवढेच तिच्यात आहे. शिवून पाहणाऱ्या बायका ‘किती इंच?’ म्हणून विचारतात, आणि मला उत्तर देता येत नाही. तेव्हा यंदा नवरात्राआधी मलप्रभेवर वाकळा धुऊन झाल्या की एखादी नवी घालायला घे, आणि कोपऱ्यावर वळताना पुढचे ठिगळ कोणते हे तू कशावरून ठरवतेस ते तोंडाने बोलत जा. वहिनी मोबाईलवर घेऊन मला पाठवील.

बाबांना व दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी लेक